कंपनीत लागलेल्यांची बातमी

कारखान्यातल्या सत्काराच्या, बढतीच्या, सेवापूर्तीच्या बातम्या वर्तमानपत्रात येऊ नयेत, असे माझे अनेक वर्षे ठाम मत होते. गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शीहून बातम्या पाठवताना मी त्या बाजूला ठेवत आलो. 2017 मध्ये कोनसरीच्या लोहप्रकल्पाचे भूमिपूजन झाले, तेव्हापासून माझ्या टेबलावर विषय होते ते जमिनीचे, मोबदल्याचे, रस्त्याचे, धुळीचे आणि स्थानिकांना किती नोकऱ्या मिळणार याचे. त्यांच्या शेजारी कुणाला उत्कृष्ट कामगार म्हणून शाल-श्रीफळ मिळाले, कोण फिटरचा सुपरवायझर झाला, ही कंपनीची जाहिरात वाटे. आज मला तसे वाटत नाही.

मत एका दिवसात बदलले नाही, पण एका माणसामुळे मी विचार करू लागलो हे खरे. तो आमच्याच तालुक्यातला. जिल्ह्याबाहेरच्या एका कारखान्यात ठेकेदारीत काम करायचा. ठेकेदार बदलत गेले, काम तेच, मशीन तेच, कागदावर मात्र दर वेळी नवी नेमणूक. काम सुटल्यावर हिशेब मागायला गेला तेव्हा त्याची नोकरी शेवटच्या ठेकेदारापासूनच धरली गेली. सुरुवातीच्या वर्षांचा एकही कागद त्याच्याकडे नव्हता. तो माझ्याकडे आला, कारण मी जुने अंक जपून ठेवतो हे त्याला ठाऊक होते. "भाऊ, तो फोटोवाला पेपर हाय का तुमच्यापाशी?" एवढेच त्याने विचारले. 4 मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाला त्या कारखान्यात बक्षिसे वाटली होती आणि दुसऱ्या एका वार्ताहराने पाठवलेल्या चार ओळींच्या बातमीत बक्षीस घेणाऱ्यांची नावे आली होती. त्यात याचे नाव होते. अंक सापडला. त्या कात्रणावर निकाल लागत नसतो, हे मी त्याला सांगितले. पण त्या साली हा माणूस तिथे कामाला होता, असे सांगणारा त्याच्याजवळचा तो एकमेव छापील कागद होता. मी असतो तर ती बातमी पाठवलीच नसती, हा विचार नंतर कितीतरी दिवस मनातून गेला नाही.

'पाच वर्षे पूर्ण केल्याबद्दल अभिनंदन' हे वाक्य मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने वाचतो. 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्यात पाच वर्षांची सलग सेवा ही हक्काची पायरी होती. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. म्हणजे ज्याला आम्ही कौतुकाचा मजकूर म्हणून बाजूला सारत होतो, त्यात कामगाराच्या पैशाच्या तारखा असतात. कायम कामगाराला त्या कागदोपत्री मिळतात. ठेकेदारीतल्या माणसाला त्या स्वतःच सांभाळाव्या लागतात, आणि आपल्याकडे कंपनीत लागलेल्यांतले बरेचजण ठेकेदारीतूनच लागतात.

शिवाय इथे या गोष्टी नव्या आहेत. धानाचा हंगाम, उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता, मग मिरची तोडायला तेलंगणात, असे आमच्या अनेक गावांचे वर्ष चालत आले. त्या कामात बढती नसते आणि निवृत्तीही नसते. तेंदूपानांचे पुडके बांधणाऱ्या म्हातारीला कुणी कधी निरोप दिला नाही, हात चालेनासे झाले की तिने जाणे बंद केले. महिन्याच्या महिन्याला पगार म्हणजे शिक्षक, ग्रामसेवक, वनरक्षक, पोलीस. कंपनी म्हटली की वैनगंगेपलीकडचा चंद्रपूर जिल्हा: बल्लारपूरची पेपर मिल, कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने. अशा घरात पहिली पगाराची स्लिप येते, मुलगा रात्रपाळीला जातो, मुलीच्या गळ्यात ओळखपत्र येते, तेव्हा गावाच्या दृष्टीने ती बातमीच असते. शेजारचे विचारतात, नातेवाईक विचारतात. विचारत नव्हतो ते आम्ही वार्ताहर.

1 जानेवारी 2025 ला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस कोनसरीला आले. प्रकल्पाच्या कामांचे उद्घाटन झाले आणि तो चालवणाऱ्या लॉयड्स मेटल्सच्या कामगारांना कंपनीचे शेअर दिले गेले. त्यांत आत्मसमर्पण करून कामाला लागलेले माजी नक्षलवादीही होते. ही बातमी राज्यभर गेली. त्या बातम्यांत मुख्यमंत्र्यांचे भाषण होते, गुंतवणुकीचे आकडे होते. शेअर मिळालेला माणूस घरी गेल्यावर काय झाले, तो कागद कुणी वाचून दाखवला, तो विकायचा की ठेवायचा हे घरात कुणी ठरवले, हे मला त्या बातम्यांत सापडले नाही. चामोर्शी तालुक्याच्या इतिहासात ती गोष्ट भाषणाइतकीच महत्त्वाची आहे, असे मी आता मानतो.

या बाबतीत मराठीत एक मोठे उदाहरण आहे. 1920 साली किर्लोस्करवाडीला शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढले ते कारखान्याचे पत्र म्हणून. नांगर बनवणाऱ्या कारखान्याच्या त्या पत्राचे पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले आणि ते महाराष्ट्रभर घरोघरी वाचले गेले. कारखान्यातल्या माणसांचे जग वाचण्याजोगे असते, हे त्या लोकांना शंभर वर्षांपूर्वी कळले होते.

पण कंपनीच्या पत्रावर सगळे सोडून देऊ नये, एवढे मत मात्र माझे पूर्वीचेच कायम आहे. कंपनीचे पत्र बक्षिसाची बातमी देईल. बोट तुटल्याची, ठेका संपून पन्नासजण घरी बसल्याची देईलच असे नाही. म्हणून ही नोंद गावाच्या बाजूने व्हायला हवी. ज्या सदरात बढती छापली जाते, त्याच सदरात अपघातही छापला जावा. धूळ, रस्ते, जमीन हे प्रश्न मी सोडलेले नाहीत. उलट, ज्यांची घरे कंपनीच्या पगारावर चालतात त्यांची नावे छापू लागल्यापासून तेच लोक या प्रश्नांवर माझ्याशी मोकळेपणाने बोलतात. पूर्वी मी दिसलो की ते विषय बदलत.

कोनसरी, आष्टी, घोट, चामोर्शी इकडच्या कामगारांना आणि त्यांच्या घरच्यांना माझी विनंती आहे. कामावर लागल्याची तारीख, कामाचे नाव, ठेकेदाराचे नाव, बदली, बढती, इजा, निवृत्ती, जे घडेल ते आपल्या गावच्या वार्ताहराला कळवा. वार्ताहर मित्रांनी ते दोन ओळीत का होईना, पूर्ण नाव, गाव आणि तारखेसह छापावे. आणि छापलेले कात्रण नेमणूकपत्र, पगाराची स्लिप, पीएफचा नंबर यांच्यासोबत एकाच पिशवीत ठेवा.