जास्तीचे जनुक

सौंसर ते पांढुर्णा हा पट्टा 2023 साली छिंदवाड्यातून फुटून वेगळ्या जिल्ह्यात गेला. राज्य मध्य प्रदेश. बोली, बाजार आणि पिके मात्र काटोल-वरुडकडचीच. काळ्या रानात पऱ्हाटी, निचऱ्याच्या जमिनीत संत्रा. मी वनस्पतींच्या जनुकांवर काम करतो, आणि मला या पट्ट्याचे अप्रूप वेगळ्याच कारणाने आहे. जनुकांच्या प्रती वाढण्याच्या बाबतीत दोन टोकांना असलेली दोन झाडे इथे एकाच धुऱ्याच्या दोन बाजूंना उभी असतात.

दहा कोटी वर्षांहूनही आधी या दोघांच्या सामाईक पूर्वजाचा अख्खा जनुकसंच तिप्पट झाला. संत्र्याच्या घराण्यात त्यानंतर तसे पुन्हा घडलेले दिसत नाही. मोसंबी ज्या प्रजातीत मोडते तिचा जनुकसंच 2013 मध्ये वाचला गेला, त्यातून हे कळले. कापूस मात्र थांबला नाही. सुमारे 6 कोटी वर्षांपूर्वी त्याचा संच पाच-सहा पट झाला आणि 10 ते 20 लाख वर्षांपूर्वी दोन वेगळ्या कापसांचे संच एका झाडात येऊन अमेरिकन कापूस झाला. तीन गुणिले पाच-सहा, गुणिले दोन: मूळ एका जनुकामागे 30 ते 36 प्रती. त्यातल्या बहुतेक पुढे गळाल्या किंवा नासल्या. जास्तीच्या प्रतीचे नशीब बहुधा तेच असते.

हे सांगायला लागलो की शेतकरी थेट मुद्द्याचे विचारतात. "देशी कापूस काटक, अमेरिकनचा धागा लांब. मग दोघायचं लगन काहून लावत नाही तुमी?" लग्न लागते, संसार होत नाही. देशी कापसात 26 गुणसूत्रे, अमेरिकनमध्ये 52. संकरात येतात 39, त्यातल्या 13 जणांना जोडीदारच नसतो, आणि झाड वांझ निघते. वाट आहे ती दुपटीची. 1940 मध्ये बीझली या अमेरिकी शास्त्रज्ञाने आपला देशी कापूस, म्हणजे आर्बोरियम, आणि अमेरिकेतला एक रानकापूस यांचा संकर प्रसिद्ध केला. कोल्चिसिन वापरून त्याने संकराची गुणसूत्रे दुप्पट केली होती. आपल्या कळलावीच्या कंदातही हे द्रव्य असते. तयार झालेले झाड अमेरिकन कापसाशी जुळले. निसर्गाने केलेली जोडणी माणसाने पुन्हा करून पाहिली, असे म्हणायला हरकत नाही.

निसर्गातल्या त्या जोडणीत एक बाजू देशी कापसाच्या नात्यातली होती, दुसरी पेरूमधल्या रायमोंडी या रानकापसाच्या. रायमोंडीच्या सरकीवर कातण्याजोगा धागा नसतो. तरीही 1998 मध्ये अमेरिकन कापसातल्या धाग्याच्या गुणांचा माग काढला, तेव्हा त्यातले बरेच धागेदोरे या बिनधाग्याच्या बाजूकडे गेले. मला हा निष्कर्ष आजही चकित करतो. त्याचा अर्थ लावता येतो तो असा: विहिरीवर दोन मोटरी असल्या की एक खोलून बघायची हिंमत होते. मूळ काम एक प्रत सांभाळते, दुसरीत बदल झाले तरी झाड मरत नाही. सुसुमु ओहनो यांचे या विषयावरचे 1970चे पुस्तक प्रसिद्ध आहे. पण त्याआधी 1951 मध्येच स्टीफन्स या कापसाच्या अभ्यासकाने उत्क्रांतीतल्या दुप्पटीकरणावर लिहिले होते. त्यांचे सहलेखक हचिन्सन 1930च्या दशकात इंदूरच्या संस्थेत कापसावरच काम करत होते. कापूसवाल्यांना हे आधी सुचले, यात मला नवल वाटत नाही.

हातात घेऊन पाहायचे असेल तर फुटलेल्या बोंडातली एक सरकी घ्या. लांब रुई बोटांनी ओढून काढा. खाली आखूड, चिकटून बसलेली लव उरते. रुईचा असो वा लवेचा, प्रत्येक तंतू ही सरकीच्या सालीतली एकेकटी पेशी, ताणून लांब झालेली. ती ताणायला सुरुवात करून देणाऱ्यांत मिब गटातले एक जनुक आहे, आणि अमेरिकन कापसात त्याच्या दोन प्रती आहेत, दोन बाजूंकडून आलेल्या. एक प्रत बिघडली तर लव जाते, रुई येतच राहते. दोन्ही दाबून टाकल्या की सरकी बोडकी.

धुऱ्यापलीकडच्या संत्र्याने प्रती वाढवल्या त्या जनुकांच्या नव्हे, रोपांच्या. संत्र्याची बी सोलली की आत हिरवट डाळ्या दिसतात आणि त्यांत एकाहून जास्त गर्भ. खुंटासाठी लावलेल्या जंभेरीचेही तसेच: एका बीतून दोन-तीन रोपे. त्यातली बहुतेक आईची हुबेहूब नक्कल असतात. रोपवाटिकेत वेगळी दिसणारी, खुरटी रोपे उपटतात ती यासाठीच. डोळा चढवायला एकसारखे खुंट लागतात. 2017 मध्ये एका बीतल्या या अनेक गर्भांचे मूळ सापडले: जागा बदलत फिरणारा डीएनएचा छोटा तुकडा एका जनुकाच्या तोंडाशी येऊन बसलेला.

जनुकांच्या प्रती वाढणे हा सगळाच कोट्यवधी वर्षांचा मामला नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात कापसात माजणारे, आपल्या माठ-राजगिऱ्याच्या कुळातले एक तण ग्लायफोसेट या तणनाशकाला दाद देईना. 2010 मध्ये कारण प्रसिद्ध झाले. ज्या विकरावर हे औषध घाव घालते, त्याच्या जनुकाच्या प्रती तणात 5 पासून 160 पटींहून जास्त झाल्या होत्या. विकरच इतके तयार होई की औषध पुरे पडत नसे. एकच औषध वर्षानुवर्षे मारत राहिल्याने असली झाडे निवडली गेली. तणनाशक सहन करणाऱ्या कापसाला आपल्याकडे लागवडीची परवानगी नाही, तरी त्याचे बियाणे चोरवाटांनी विदर्भात येते आणि त्यामागून तेच औषध. पांढुर्णा-सौंसरच्या कास्तकारांना माझे सांगणे एवढेच: त्या पाकिटाच्या भरवशावर निंदण आणि डवरणी सोडू नका.