धायटी

माघ सरता सरता सह्याद्रीच्या उतारांवर धायटी फुलू लागते. झुडूप काटक, पानं विरळ, आणि फांदीभर नळीसारखी लालभडक फुलं. नवीन पनवेलमधून पूर्वेला प्रबळगड आणि माथेरानचा डोंगर दिसतो, तेव्हा मला हटकून या फुलांची आठवण होते. त्यांच्या तळाशी मध असतो आणि त्या मधात डोळ्यांना न दिसणारी यीस्ट वस्ती करून असतात. अल्कोहोलचा धडा शाळेत सूत्रापासून सुरू होतो. तो या मधाच्या थेंबापासून सुरू व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

रुळांच्या पलीकडे, जुन्या पनवेलला या धड्याचा जुना शेजार आहे. 1872 मध्ये कृष्णशास्त्री पुराणिकांनी आयुर्वेदीय औषधांचा व्यवसाय सुरू केला. 'श्री धूतपापेश्वर' हे त्याचं नाव पनवेलशी कायमचं जोडलं गेलं. आसवं आणि अरिष्टं मराठी घरांना परकी नाहीत. बाळंतिणीसाठी दशमूलारिष्ट, पोटासाठी कुमारी आसव. बाटली उघडली की आधी गोड, मग किंचित उग्र असा वास येतो. तो उग्रपणा वरून ओतलेला नसतो, औषधातच जन्मलेला असतो.

तो जन्मतो कसा? अरिष्टासाठी वनस्पतींचा काढा करतात, आसवासाठी बहुधा न उकळताच द्रव घेतात. त्यात गूळ किंवा मध, आणि धायटीची फुलं. मग भांड्याचं तोंड कापडमातीनं लिंपून ते मुरत ठेवायचं. आत यीस्ट साखर फोडतात. साध्या साखरेच्या एका रेणूतून इथेनॉलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू निघतात. जुने वैद्य भांड्याला कान लावून आतली खदखद ऐकत, तोंडाशी पेटती काडी धरत. काडी विझली तर वायू अजून निघतो आहे. तेवत राहिली तर काम आटोपलं. प्रयोगशाळा नव्हती, पण परीक्षा चोख होती.

खरी कसोटी त्यापुढे लागते, कारण इथेनॉल हा मुक्काम आहे, प्रवासाचा शेवट नाही. त्याच्या कार्बनच्या टोकाला एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन मिळून हायड्रॉक्सिल गट असतो. हवा लागली आणि योग्य जीवाणू आले की त्या टोकाकडचे दोन हायड्रोजन निघून जातात, मग एक ऑक्सिजन येऊन बसतो, आणि हायड्रॉक्सिलच्या जागी कार्बोक्झिल गट तयार होतो. इथेनॉलचं इथेनॉइक आम्ल झालं, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल. लुई पाश्चरनं 1864 मध्ये दाखवून दिलं की वाइन आंबट करणारे हे जीव पृष्ठभागावर, हवेच्या आधारानं वाढतात. शार्ङ्गधरसंहितेत आसव-अरिष्टांच्या सोबतीनं आंबट झालेल्या मद्याला 'शुक्त' असं वेगळं नाव दिलेलं आहे. कापडमातीचा तो लेप म्हणजे या दोन रेणूंमधली वेस. वेशीच्या आत औषध, बाहेर शिरका.

आपल्या यकृतातही हीच वाट आहे. पोटात गेलेलं इथेनॉल तिथे आधी ॲसिटाल्डिहाइड होतं, मग इथेनॉइक आम्ल, आणि ते शरीर पचवतं. पण इथेनॉलमधला एक कार्बन कमी करा. उरतं मिथेनॉल, दिसायला आणि वासाला जवळपास तसंच. यकृत त्यालाही त्याच वाटेनं नेतं; त्याचं फॉर्माल्डिहाइड होतं, मग फॉर्मिक आम्ल, जे मुंगीच्या विषात असतं. हे आम्ल माणसाच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं. ते डोळ्यांच्या मज्जातंतूवर घाव घालतं, पेशींचा श्वास कोंडतं. जून 2015 मध्ये मुंबईच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभराहून अधिक माणसं गेली. हातावर पोट असलेली माणसं होती ती. एका कार्बनचा फरक त्यांना कुणी शिकवला नव्हता, आणि विकणाऱ्यांना त्यांच्या जिवाची पर्वा नव्हती. तेच मिथेनॉल पनवेलजवळच्या रसायनीत, हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्सच्या कारखान्यात वर्षानुवर्षं फॉर्माल्डिहाइड बनवण्यासाठी वापरलं गेलं. तिथे ते बंद नळ्यांतून वाहत होतं, मोजून-मापून. रेणू दुष्ट नसतो. त्याला कुठे, किती आणि कुणाच्या हाती ठेवायचं, हे ठरवणारी माणसं जबाबदार असतात.

या गोष्टीचा मला सगळ्यात आवडणारा भाग मात्र गंधाचा आहे. अल्कोहोल आणि आम्ल एकत्र आले की पाण्याचा एक रेणू सोडून जोडले जातात आणि एस्टर बनतो. पिकल्या केळ्याचा घमघमाट मुख्यतः अशाच एका एस्टरचा. बारावीच्या प्रयोगशाळेत सल्फ्युरिक आम्लाचे थेंब टाकून परीक्षानळी गरम करतात आणि काही मिनिटांत फळांचा वास दरवळतो. मुरणाऱ्या अरिष्टात ना तसं आम्ल, ना ज्योत. तिथे यीस्ट काही एस्टर घडवतात, आणि पुढे आत राहिलेला थोडासा आंबटपणा अल्कोहोलशी महिनोन् महिने सावकाश जुळत राहतो. वैद्य आंबटपणाला वेशीबाहेर ठेवतो खरा, पण त्याचा अंशही नसता तर औषधाचा गंध इतका भरला नसता.

आणि ही जुळणी कधी पुरी होत नाही. पुराणिकांचा औषधांचा व्यवसाय सुरू होण्याच्या दहा वर्षं आधी, 1862 मध्ये, बर्थेलो आणि पेआँ द सँ-जील या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी इथेनॉल आणि इथेनॉइक आम्ल समप्रमाणात घेऊन मोजमाप केलं. सुमारे दोन तृतीयांश एस्टर बनतो आणि पुढे वाढत नाही. एस्टर आणि पाण्यापासून उलट सुरुवात केली, तरी शेवटी प्रमाण तेच. वरून सगळं थांबल्यासारखं दिसतं, पण आत जेवढे रेणू जुळतात तेवढेच सुटतात. जुनं, मुरलेलं असं आपण ज्याला कौतुकानं म्हणतो, ते थांबलेलं नसतं. जुळण्याचा आणि सुटण्याचा वेग त्यात एक होऊ पाहत असतो, आणि मुरण्याचा याहून खरा अर्थ मला ठाऊक नाही.