किझी बेटावरील काष्ठमंदिर

रशियाच्या वायव्येस, कारेलिया प्रांतांत, ओनेगा नांवाचें विस्तीर्ण सरोवर आहे. त्याच्या कांठच्या पेत्रोझावोद्स्क शहरांतून आम्ही एका उन्हाळी सकाळीं वेगवान बोटीनें निघालों व सुमारें सव्वा तासानें किझी बेटाला लागलों. बेट अरुंद, लांबट आणि बरेंचसें उघडें; त्यामुळें बावीस घुमटांचें तेथील देवालय फार दुरूनच दृष्टीस पडतें. घुमट चांदीच्या पत्र्यानें मढविले असावे, असा प्रथम भास होतो. वस्तुतः तीं अ‍ॅस्पेन वृक्षाचीं, हातानें तासलेलीं लांकडी कौलें आहेत; ऊनपाऊस खाऊनच त्यांना ही झळाळी येते.

येशूच्या दिव्य रूपांतराच्या नांवें वाहिलेलें हें ऑर्थोडॉक्स पंथाचें मंदिर १७१४ सालीं उभें राहिलें. पूर्वीचें मंदिर वीज पडून जळालें होतें. नव्याची उंची ३७ मीटर. पाइनचे ओंडके कोपऱ्यांशीं खांचा पाडून एकमेकांत बसविले, कीं भिंत तयार! तिला खिळ्यांची गरज नाहीं. खिळे लागले ते घुमटांवरील कौलांपुरते. एका अष्टकोनावर दुसरा लहान अष्टकोन, त्यावर तिसरा, आणि चारी दिशांना चार बाहू, असा हा डोलारा आहे. नेस्तोर नांवाच्या सुतारानें काम संपतांच आपली कुऱ्हाड सरोवरांत भिरकावून दिली, अशी आख्यायिका तेथें सांगतात.

आम्हांस आख्यायिकेपेक्षां छपराची योजनाच अधिक नवलाची वाटली. लांकडाचा खरा वैरी पाणी, हें कोंकणांतील आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. येथें भिंतींचे माथे बाहेर झुकते ठेवले आहेत, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून दूर पडतात. शिवाय वरच्या शोभिवंत छपराखालीं दुसरें उतरतें छप्पर दडविलेलें आहे. वरून झिरपलेलें पाणी तें झेलतें आणि लांकडी पन्हळीनें बाहेर सोडतें. घुमटांची रांग डोळ्यांस सुखविते खरी, पण मंदिर तीन शतकें टिकलें त्यांत या न दिसणाऱ्या छपराचा वाटा मोठा आहे.

शेजारींच १७६४ मधील नऊ घुमटांचें दुसरें मंदिर आहे. मोठ्या मंदिरांत ऊब देण्याची सोय नाहीं, म्हणून हिवाळ्यांतील उपासना या धाकट्यांत होत. याच आवारानें एक दुःखद प्रसंगही पाहिला आहे. सरकारी कारखान्यांच्या सक्तीच्या कामाविरुद्ध १७६९ पासून येथील शेतकरी उठले होते. १७७१ मध्यें येथें जमलेल्या त्या जमावावर सैन्यानें तोफा डागल्या.

एकोणिसाव्या शतकांत भिंतींवर फळ्या ठोकून व घुमटांवर लोखंडी पत्रा चढवून मंदिराला ‘सुधारलें’ गेलें. १९५० च्या दशकांत तें आवरण उतरविण्यांत आलें. गाभाऱ्यापुढील संतचित्रांची उंच भिंत दुसऱ्या महायुद्धांतून वांचली. छतावरचें चित्रित ‘आकाश’ मात्र कायमचें गेलें.

पुढें ओंडके कुजूं लागले, भिंती वांकल्या. १९८० मध्यें दारें बंद झालीं, चित्रें उतरविलीं गेलीं आणि आंत पोलादी सांगाडा उभा राहिला. सारें मंदिर मोडून नवें बांधणें सोपें होतें. आपल्याकडे जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं जुने सागवानी सभामंडप पाडून सिमेंटचे खांब उभे करितात, तें पाहणाऱ्यास हा मोह समजेल. किझीच्या कारागिरांनीं तो टाळला. वरचा भार सांगाड्यावर उचलून धरावयाचा, खालचा थर सोडवून कार्यशाळेंत न्यावयाचा, ओंडक्याचा कुजका भाग तेवढाच काढून तेथें नवें पाइन सांधावयाचें, आणि तो पुन्हां स्वस्थानीं बसवावयाचा. मग त्याच्या वरचा थर. असें तळापासून माथ्यापर्यंत चढत दहा वर्षें काम चाललें. २०२० सालीं दारें पुन्हां उघडलीं.

इतक्या तुकड्यांनीं सांधलेल्या मंदिरास जुनें म्हणावें काय, असा प्रश्न आमच्या मंडळींत निघाला. आम्हीं भिंतीजवळ जाऊन पाहिलें. करड्या ओंडक्यांत नव्या लांकडाचे पिवळसर तुकडे स्पष्ट ओळखूं येत होते. कारागिरांनीं ते रंगवून लपविले नव्हते. जुन्यांवर कुऱ्हाडीचे घाव होते, आणि नव्यांवरही.