पाण्यात पडल्यावर

'पाण्यात पडले की पोहता येते' ही म्हण ज्याने कोणी काढली, तो गृहस्थ सोलापूरचा खास नव्हे. आमच्याकडे पडायचे म्हटले तर आधी पाणी आणायचे कुठून, इथून तयारी. वर्षानुवर्षे सोलापुरातल्या नळाला तीन-तीन, चार-चार दिवसांआड पाणी आले. आणि तेही केव्हा, तर रात्री दीड वाजता. आले कधी आणि गेले कधी, ते सकाळी शेजाऱ्याला विचारावे लागे. आमच्या सौभाग्यवतींच्या संसारातली निम्मी वर्षे पिंपे भरण्यात गेली. त्यामुळे सोलापूरकराचे पाण्याशी नाते बँकेतल्या मुदत ठेवीसारखे असते : साठवायचे, मोजायचे आणि मुदतीआधी हात लावायचा नाही. त्यात उडी मारणे म्हणजे मुदत ठेव मोडून भेळ खाण्यापैकी आहे.

अशा गावचा मी, बी.कॉम. दुसरा वर्ग, वय वर्षे सेहेचाळीस, वीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे बसलेला, गेल्या डिसेंबरात पाठीवर सिलिंडर बांधून अरबी समुद्राच्या तळाशी जाऊन आलो. हे वाक्य मी शाखेत पहिल्यांदा उच्चारले तेव्हा आमचे कॅशिअर नोटा मोजता मोजता थांबले आणि म्हणाले, "का बे, बुडायला चारशे किलोमीटर जायची काय गरज होती?"

झाले ते असे. कर्ज विभागातल्या आमच्या एका सहकाऱ्याचे साडू अमेरिकेत असतात. ते सहकुटुंब कॅरिबियन समुद्रातल्या बोनेर नावाच्या बेटावर सुट्टीला गेले आणि तिथले फोटो यांच्या फोनवर आले. आता कॅरिबियन म्हटल्यावर माझ्या पिढीच्या डोळ्यांपुढे अँब्रोज आणि वॉल्श उभे राहतात. त्या बाजूला माणसे मजा करायला जातात आणि बरगड्या शाबूत घेऊन परत येतात, ही माहिती मला नवीन होती. हे बोनेर व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळचे डचांचे बेट. १९७९ सालापासून त्याच्या भोवतालचा समुद्र माशांसाठी राखून ठेवलेला आहे. तिथे म्हणे मोटार किनाऱ्याला लावायची, सिलिंडर पाठीला लावायचे आणि चालत चालत समुद्रात शिरायचे. आपण पिशवी घेऊन भाजीला निघावे तसे.

ही हकीगत मी रात्री जेवताना घरी सांगितली. नोकरदार माणसाने ऑफिसातल्या गोष्टी घरी सांगू नयेत, असे जुनी मंडळी का म्हणत ते मला त्या रात्री कळले.

"बाबा, तेच मालवणला आहे," चिरंजीव म्हणाले. चिरंजीव नववीत आहेत. "सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला. पोहता यायची गरज नाही."

"दहा वर्षं पूर्ण पाहिजेत," सहावीतल्या कन्येने पुरवणी जोडली. "मला अकरा झालीत."

"अहो, आणि तुमचा एलएफसीचा ब्लॉक संपत आलाय," सौ. म्हणाल्या. बँकवाल्याच्या बायकोला नवऱ्याचा वाढदिवस एखादे वेळी आठवणार नाही, पण एलएफसीचा ब्लॉक कधी संपतो ते तिला झोपेत विचारा.

तीन मतांनी ठराव मंजूर झाला. चौथे मत माझे. ते कोणी विचारले नाही. पाचवे आईचे. आई काही न बोलता पानावरून उठली.

इथे थोडे मागे जायला हवे. आईचे माहेर मंगळवेढ्याकडचे. तिला एक धाकटा भाऊ होता. पंचावन्न-छप्पन्न वर्षांपूर्वी, एका दुपारी, तो रानातल्या विहिरीवर एकटाच गेला आणि परत आला नाही. मी त्याला पाहिलेले नाही. त्याचा फोटोही नाही. पण आमच्या घरात तो कायम राहात असे. मी सात-आठ वर्षांचा असताना गावाकडची पोरे पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत धडाधड उड्या मारत, आणि मी काठापासून पन्नास फुटांवर आईचा पदर धरून उभा असे. सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेलो की आई तलावाच्या बाजूने स्वतः चालायची आणि मला आतल्या बाजूने चालवायची. घरचा गणपतीसुद्धा मी कधी पाण्यात सोडला नाही; दरवर्षी काठावरच्या एखाद्या अनोळखी दणकट पोराच्या हातात देऊन 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणत आलो. बँकेत खात्याला नॉमिनी असतो. आईच्या त्या भीतीच्या खात्याला नॉमिनी मी होतो. सही मात्र माझी कोणी घेतली नव्हती.

आईला आम्ही 'किल्ला बघायला चाललोय' एवढेच सांगितले. कडक भाकऱ्या, शेंगाची चटणी आणि अंथरायला घरची चादर घेऊन आम्ही निघालो. सोलापूरहून सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि तिथून राधानगरीवरून फोंडा घाट. घाट उतरताना कन्येने दोनदा आणि मी एकदा पोट रिकामे केले. खाली उतरल्यावर जिकडेतिकडे झाडे, ओहोळ, विहिरी. सौ. खिडकीतून बघत होत्या. एका घराच्या परसात बाई भर दुपारी नळी धरून नुसत्या अंगणावर पाणी मारत होती. सौ. म्हणाल्या, "बघा, कशी माजलीय." पण आवाजात राग नव्हता; हेवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालवणच्या धक्क्यावर एका तरुणाने आमच्या हातात फॉर्म ठेवले. वीस वर्षे मी लोकांना 'इथे सही करा, इथे, आणि मागे इथे' असे सांगत आलो. फॉर्म वाचून सही करणारा ग्राहक आला की आम्ही एकमेकांकडे बघून हसतो. त्या दिवशी मी तो फॉर्म दोनदा वाचला. दमा आहे का? कान फुटला होता का? हृदयविकार आहे का? रक्तदाब आहे का? हा शेवटचा प्रश्न वाचून मला फार बरे वाटले. मार्च अखेरीला माझे डोके गरगरते, हे सर्वश्रुत आहे. मी 'होय' लिहिणार, इतक्यात सौ. खांद्यावरून डोकावल्या. "अहो, परवाच तर तपासलं. एकशेवीस-ऐंशी. लिहा 'नाही'." मी आयुष्यात प्रथमच चांगल्या रक्तदाबाबद्दल हळहळलो.

पुढचा रकाना आला : आपत्काळी कोणाला कळवावे? आम्ही चौघेही खाली जाणार. मी आईचे नाव लिहिले. पत्त्याच्या जागी काय लिहावे कळेना, कारण ती दहा पावलांवर चादर अंथरून बसली होती.

तिला सारे समजले होते. आयांना सांगावे लागत नाही. मी तिच्याजवळ जाऊन म्हणालो, "आई, मी काही जात नाही. पोरं आणि ही जातील. मी बसतो तुझ्यापाशी." हे मी मातृभक्तीच्या सुरात म्हटले, पण ते चाळीस टक्के मातृभक्ती आणि साठ टक्के घबराट असे मिश्रण होते.

आई पाण्याकडेच बघत होती. म्हणाली, "पोरं पाण्यात जायलीत आन् बाप काठावर बसायलाय, असं नको. तू जा." मग जरा थांबून म्हणाली, "त्याच्यासंगं त्या दिवशी कुणी नव्हतं."

झाले. यानंतर रक्तदाब असता तरी उपयोग नव्हता.

होडीत आमच्या अंगावर घट्ट रबरी पोशाख चढवले. काउंटरमागे वीस वर्षे जे लपले होते ते सगळे जगासमोर आले. मग सिलिंडर निघाले. ते पाहताच सौ.मधली गृहिणी जागी झाली. "भरलेला आहे ना? वजन करून बघितलंय का?" त्या तरुणाने नम्रपणे काट्यावरचा दाब दाखवला आणि समजावले की यात ऑक्सिजन वगैरे नसतो, आपली साधी हवाच दाबून भरलेली असते. कुस्तो नावाचा फ्रेंच आरमारी अधिकारी आणि गान्याँ नावाचा इंजिनिअर, या दोघांनी १९४३ साली ही युक्ती बसवली : माणूस जेवढा श्वास ओढील तेवढीच हवा, बाहेरच्या पाण्याच्या दाबाइतक्या दाबाने, नळीतून तोंडात यावी. मागेल तेव्हा, मागेल तेवढे आणि योग्य दाबाने! सोलापूरच्या माणसाला ही व्यवस्था ऐकूनच भरून आले. आमच्या नळाला असा कुस्तो भेटला नाही.

शेवटी कमरेला शिशाच्या वड्यांचा पट्टा बांधला, कारण खाऱ्या पाण्यात माणूस सहजासहजी बुडत नाही, त्याला बुडवावे लागते. समोर सिंधुदुर्गाचा तट दिसत होता. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला घेतला आणि तीन वर्षांत पुरा केला. त्याच्या पायात शिसे ओतले आहे, असे सांगतात. साडेतीनशेवर वर्षे लाटा खाऊन तो उभा आहे. मी कमरेचे शिसे चाचपले आणि त्यातल्या त्यात धीर धरला.

नियम चार. नाक काचेच्या मुखवट्यात बंद, म्हणून श्वास तोंडाने. श्वास कधीही रोखून धरायचा नाही. कान दुखले तर नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचे, कारण दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. आणि चौथे, बोलता येत नाही म्हणून खुणा : ठीक असेल तर अंगठा व तर्जनी जोडून गोल, अंगठा वर केला तर 'मला वर न्या'.

"काका, घाबरू नकात. मी आसंय," तो मालवणी तरुण म्हणाला आणि त्याने माझे सिलिंडर मागून धरले. माझ्या मुलाच्या वयाहून फार मोठा नसेल. बँकेत अशा वयाच्या माणसाला मी जामीन म्हणून घेतले नसते.

डोके पाण्याखाली गेले आणि पहिल्या क्षणी मी सात वर्षांचा झालो. विहीर, पदर, सगळे आठवले. श्वास रोखला. त्याने खांद्यावर टकटक केली. मी श्वास सोडला. कानाशी बुडबुड्यांचा आवाज झाला, आणि मग, काय आश्चर्य, हवा आली. पुन्हा ओढली, पुन्हा आली. बिनतक्रार.

खाली फार तर वीस-पंचवीस फूट असेल. साडूंच्या फोटोतला समुद्र निळाशार होता. आमचा हिरवट, थोडा गढूळ. पण इथलाही समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि माशांना त्याची कल्पना असावी, कारण ते माणसाला अजिबात मोजत नव्हते. पिवळ्या अंगावर काळे पट्टे मिरवणारे पाच-पन्नास मासे माझ्या काचेपुढून गेले; जेवणाच्या सुट्टीत आमच्या काउंटरवरून स्टाफ जातो तसे, कोणाकडेही न बघता. मला इतके आवडले की मी सवयीने अंगठा वर केला, 'छान!' अशा अर्थी. त्या तरुणाने इमानेइतबारे मला वर नेले. वर येऊन मी त्याला 'तसे नव्हे' हे समजावले आणि चक्क म्हणालो, "पुन्हा खाली न्या." हे माझेच शब्द होते.

दुसऱ्या खेपेला सौ. दिसल्या. खडकापाशी त्या तरंगत होत्या, दोन्ही हात पसरून. जिच्या नशिबी पाणी नेहमी मापून आले, त्या बाईला चारी बाजूंनी, डोक्यावरून, पायाखालून, न मोजलेले पाणी मिळाले होते. तिने मला बघितले आणि बोटांचा गोल करून दाखवला. लग्नाला अठरा वर्षे झाली. 'सगळे ठीक आहे' असे तिने मला इतक्या स्पष्टपणे प्रथमच कळवले. पलीकडे मुले होती. एकमेकांशी भांडत नव्हती. आमचे अख्खे कुटुंब वीस मिनिटे गप्प होते. या एका गोष्टीसाठीही पैसे वसूल.

धक्क्यावर परतलो तेव्हा आईने मुलांची डोकी पदराने खसाखसा पुसली. मग माझेही पुसले. सेहेचाळिसाव्या वर्षी, चारचौघांत. मी पुसू दिले.

मग तिने खालच्या आवाजात विचारले, "खाली अंधार असतो का रे?"

ती कोणाबद्दल विचारत होती ते मला कळले. छप्पन्न वर्षे हा प्रश्न तिने कोणाला विचारला नव्हता, कारण उत्तर देणारा कोणी घरातून खाली गेलाच नव्हता.

"नाही गं," मी म्हणालो. "उजेड असतो. वरून येतो, हिरवा."

"बरं," आई म्हणाली. बराच वेळ तेवढेच.

दुपारी किल्ल्यात गेलो. तिथे दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चहूबाजूंना खारा समुद्र आणि मध्ये गोडे पाणी. सौ.ने विचारले, "इथं पाणी रोज असतं का हो?" आई एकटीच एका विहिरीच्या कठड्यापाशी गेली. कठड्याला हात लावून वाकली आणि आत बघत राहिली. मी पन्नास फुटांवर उभा होतो. मग जाऊन तिच्या शेजारी उभा राहिलो.

सोलापूरला परतल्यावर आठवड्याने आईने देवघरातल्या डब्यातून पैसे काढून माझ्या हातात ठेवले. "पोरांना पोहायच्या क्लासला घाल. फी हाय ही."

मी सवयीने नोटा मोजल्या. "आई, यात एकाची फी जास्त आलीय."

"बरोबर मोजून दिलीय," आई म्हणाली. "तिसरी तुझी."