आधी अंथरूण, मग पक्वान्न

आमचं घर कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीत. एरवी घरात आम्ही चौघंच: सासूबाई, नवरा, मी आणि शाळेत जाणारा मुलगा. चतुर्थीला मात्र याच घरात वीस-बावीस माणसं असतात. डोंबिवलीचे मोठे भावजी, विरारचे धाकटे, दोघी जावा, पुण्याची नणंद आणि तिचे यजमान, सगळ्यांची मुलं, शिवाय सासूबाईंची थोरली बहीण. खोल्या तेवढ्याच राहतात. न्हाणीघर एक, संडास एक, आणि पाऊस असतोच. मी पतसंस्थेत नोकरी करते. आदल्या आठवड्यात रजा मिळत नाही, सगळ्यांनाच ती तेव्हा हवी असते. तरीही गणपतीच्या आधीचे दिवस माझ्या फार आवडीचे आहेत. आमच्याकडे घराची तयारी ज्या क्रमाने होते, त्या क्रमात माणसाला धाप लागत नाही. हा क्रम सासूबाईंचा.

मी देशावरून इथे आले. माझ्या माहेरी कुणी येणार म्हटलं की पहिला प्रश्न असायचा, जेवायला काय करायचं? डबे भरायचे, दोन गोडाचे पदार्थ ठरायचे, आणि अंथरुणांची आठवण रात्री दहाला व्हायची. इथे आल्यावर सासूबाईंनी पहिल्याच वर्षी मला चुलीपासून उठवून माळ्यावर चढवलं आणि गोधड्यांच्या पेट्या खाली काढायला लावल्या. म्हणाल्या, "माणसाक उपाशी कोणच ठेवणा नाय गो. पण ओले गोधडीत निजवलंस, तर तो सकाळी हसतलो काय?"

हे बोलणं मी अजून धरून आहे. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि चतुर्थीपर्यंत त्यातला बराचसा पडून गेलेला असतो. भिंती ओल धरतात, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो, चामड्याच्या चपलेवर बुरशी धरते. अशा हवेत ऑगस्टमध्ये गाद्या वाळवायला निघालं तर हाती काही लागत नाही. म्हणून आमची चतुर्थीची तयारी मे महिन्यात सुरू होते. कडक उन्हात गोधड्या, उशा, चादरी दोन्ही बाजूंनी तापवायच्या, संध्याकाळी ऊब गेल्यावर घडी घालायची, मध्ये कडुलिंबाचा वाळलेला पाला टाकायचा आणि पत्र्याच्या पेटीत बंद करायचं. ती पेटी चुलीच्या वरच्या माळ्यावर जाते, तिथे पावसाळाभर चुलीच्या शेकाची कोरडी हवा असते. श्रावणात मध्येच दोन दिवस उघडीप मिळाली तर पेटी उघडून पडवीतल्या दोरीवर पुन्हा एक वारा द्यायचा. बाकी काही नाही. त्यातली गोधडी रात्री उलगडली की सुकं कापड हाताला लागतं, आणि गाडीत अवघडून आलेलं माणूस पाठ टेकताच झोपतं.

मेमध्येच वर्षाचा मसाला होतो, आमसुलं वाळतात, आणि मांगरात जळण भरून होतं. सोडणं, चुडतं, करवंट्या, फाटी. हे जळण लागतं ते आंघोळीच्या पाण्याला. कोकणकन्या मुंबईहून रात्री निघते आणि सकाळी कुडाळला पोचते, पण पावसाळ्यात या मार्गावर गाड्यांचा वेग कमी ठेवतात आणि गणपतीच्या गर्दीत उशीर ठरलेला. महामार्गाने येणाऱ्यांचं तर विचारूच नका. माणसं भिजलेली, आंबलेली, पोरं किरकिरी झालेली. त्यांच्यापुढे आल्या आल्या पोह्यांची बशी धरण्यापेक्षा न्हाणीत कढत पाणी तयार असलं, तर घरात शिरलेला सगळा वैताग अर्ध्या तासात उतरतो. न्हाणीतल्या चुलीवरचा तांब्याचा हंडा त्या दिवशी पहाटे भरतात आणि दुपारपर्यंत तो रिकामा राहत नाही. एकाने कढत पाणी काढलं की त्यानेच तेवढं गार ओतायचं, हा नियम लहान मुलंसुद्धा पाळतात.

रस्त्यापासून घरापर्यंत आमची जांभ्या दगडाची पाखाडी आहे. जुलै संपता संपता तिच्यावर हिरवं शेवाळ असं धरतं की अनवाणी वाढलेला माणूसही जपून पाय टाकतो. शहरातल्या सपाट चपला घालून, हातात बॅग आणि कडेवर मूल घेऊन उतरणाऱ्याचं काय होईल, हा विचार तोरण-मखराच्या आधी करावा लागतो. पाऊस थांबलेली दुपार बघून मी पायऱ्यांवर ब्लीचिंग पावडर भुरभुरवते, रात्रभर राहू देते आणि सकाळी खराट्याने खरवडून काढते. एका वेळेत ते जात नाही, आठवड्याने पुन्हा करावं लागतं. तुळशीच्या बाजूला आणि विहिरीच्या उतारावर पावडर टाकायची नाही, तिथे नुसता खराटा आणि पाणी. सगळ्या तयारीत मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं काम हेच. गेल्या काही वर्षांत आमच्या पाखाडीवर कुणी घसरलेलं नाही.

आणि मग घर झाडणं. इथे मी ठाम आहे: ज्या खोलीत कुणी जाणार नाही ती त्या आठवड्यात झाडायची नाही. गणपती बसतो ती खोली, निजायच्या जागा, न्हाणी, संडास, स्वयंपाकघर. बस्स. मागची भाताची खोली, वरचा माळा, कपाटांच्या आतले कप्पे यांना दिवाळी आहे. संडासाची वाट दोन वेळा धुवायची, आत बादली-मग जास्तीचा, बाहेर खुंटीला चार्जिंगची बत्ती. लाईट कधी जाईल सांगता येत नाही आणि पावसात पायाखाली काय असेल तेही सांगता येत नाही, तेव्हा रात्री बाहेर पडताना हातात बत्ती हवीच. मावशींना, म्हणजे सासूबाईंच्या बहिणीला, खाली बसता येत नाही. त्यांची खाट आणि पाठीची खुर्ची आधीच ठरलेली असते. ती खुर्ची कितीही गर्दी झाली तरी दुसऱ्या कुणाला द्यायची नाही.

चतुर्थी कधी येते यावरही बरंच अवलंबून असतं. २०२३ साली अधिक श्रावणामुळे ती १९ सप्टेंबरला आली, तेव्हा परसात तवशी, चिबूड, दोडकी, पडवळ यांची रेलचेल होती. ऋषीपंचमीच्या भाजीला बाजारात जावंच लागलं नाही. २०२५ साली ती २७ ऑगस्टला आली. वेल नुकते धरायला लागलेले, तेव्हा भाजी विकत आणायची हे मी आधीच धरून चाललं होतं. कॅलेंडर हाती आलं की आम्ही सण बघतो ते त्यासाठीच.

बाकीची कामं मी मुद्दाम ठेवून देते, येणाऱ्यांसाठी. माझ्या माहेरच्यांना हे फार खटकतं. माणसं चार दिवसांसाठी येणार आणि त्यांना कामाला लावायचं? पण मी बघते ना, काम नसलेला माणूस या घरात कसा होतो ते. तो खुर्ची शोधतो, मोबाइलला रेंज शोधतो, चहा झाला का विचारतो. आणि मी एकटी चुलीशी असते तेव्हा त्याला बसल्या जागी संकोचही वाटतो. म्हणून हरतालिकेच्या दिवशी माटवी बांधायचं काम भावजींचं आणि पोरांचं. शेरवडं, कवंडळं, कांगण्या आणायला ती सकाळीच रानात जातात, माखून परत येतात, आणि गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकटीला एकेक फळ बांधताना काका-पुतण्यांत जी चर्चा चालते ती मी आतून ऐकत असते.

मोदकांचा नारळ धाकट्या जाऊबाईंकडे. त्या जन्मल्या-वाढल्या मुंबईत, मिक्सरशिवाय खोबरं त्यांना ठाऊक नव्हतं. सासूबाईंनी त्यांना आडाळीवर, म्हणजे नारळ खवायच्या विळीवर, बसायला शिकवलं. वाटी तळहातात घट्ट धरायची, कडेपासून आत यायचं, वाटी हळूहळू फिरवत राहायचं, आणि पांढरं संपून तपकिरी पाठ दिसायला लागली की थांबायचं. तो तपकिरी भाग सारणात गेला तर सारण काळपट होतं. आता त्यांच्या हातचा खोबऱ्याचा चव कापसासारखा मोकळा पडतो, आणि दुसऱ्या कुणी आडाळीवर बसलं तर त्या सरळ उठवतात. त्या येईपर्यंत आम्ही मोदकाचा नारळ फोडतसुद्धा नाही.

संध्याकाळची भजनं हा एक वेगळा भाग. वाडीतली मंडळी घरोघर आरत्या-भजनं करत फिरतात. आमच्याकडे कधी नऊला येतील, कधी मध्यरात्र उलटून. किती जण, तेही ठरलेलं नसतं. यासाठी काळ्या वाटाण्याची उसळ आम्ही करतो, कारण ती पुन्हा गरम केली की आणखी मुरते. वाटाणे मात्र आदल्या रात्रीच भिजत घालावे लागतात, ते विसरून चालत नाही. उसळ सकाळीच होते, चहाचं पाणी आधणावर, कप ताटात उपडे. भजन सुरू झालं की स्वयंपाकघराची कडी लावून मीही बाहेर येऊन बसते. आपल्याच घरातलं भजन भिंतीआडून ऐकायचं नाही, हे मी स्वतःपुरतं ठरवून टाकलं आहे, आणि घरातल्या सगळ्या बायकांनी हे ठरवावं असं मला वाटतं. चहा अर्धा तास उशिरा मिळाला म्हणून आजवर कुणी उठून गेलेलं नाही.

एक विनंती मात्र गावी येणाऱ्यांना करायची आहे. २०२६ ची चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे चतुर्थीच्या गाड्यांची तिकिटं जुलैच्या मध्यात निघतील. तिकीट हातात पडलं की त्याच दिवशी गावी फोन करा. किती जण येणार, कोणत्या गाडीने येणार, परत कधी जाणार, आणि खाली बसू न शकणारं किंवा पथ्याचं कुणी आहे का, एवढं सांगा. येताना आपापला टॉवेल आणि एक पांघरूण आणा, ओलं झालं तर इथे ते सुकत नाही. मिठाईचे पुडे नाही आणलेत तरी चालेल.