ब्रिस्टलची म्हातारी होडी

ऱ्होड आयलंड हे अमेरिकेतलं आकारानं सर्वांत लहान राज्य. देशातून पाहुणे आले की बॉस्टनकडची आपली मंडळी त्यांना न्यूपोर्टचे राजवाडे दाखवतात आणि संध्याकाळी परततात. जवळच्या ब्रिस्टल गावाकडे मात्र फारसं कोणी वळत नाही. वळायला हवं. प्रॉव्हिडन्सकडून रूट ११४ धरला की बॅरिंग्टन, वॉरेन आणि मग ब्रिस्टल. गावात शिरताना रस्त्याच्या मधोमध पिवळ्याऐवजी लाल, पांढरा, निळा पट्टा दिसतो. ४ जुलैचा उत्सव इथे १७८५ पासून चालू आहे आणि त्याची मिरवणूक याच पट्ट्यावरून जाते. हौसेला मोल नसतं, हे काही फक्त पुणेकरांनाच ठाऊक आहे असं नाही!

आम्ही दोघं गेली तीन वर्षं एप्रिल ते ऑक्टोबर दर शनिवारी इथे येतो, ते मात्र मिरवणुकीसाठी नव्हे. इथल्या एका यार्डात आमची होडी उभी आहे. पाण्यात नाही, लोखंडी टेकूंवर.

होड्या हा या गावाचा जुना धंदा. १८७८ साली हेरशॉफ बंधूंनी इथे कारखाना काढला. थोरला जॉन लहानपणीच दृष्टी गेलेला, पण व्यवहार सगळा तो बघायचा आणि होडीचं मॉडेल हातानं चाचपून गुणदोष सांगायचा. धाकटा नॅथनेल एम.आय.टी.त शिकलेला इंजिनियर. १८९३ ते १९३४ या काळात अमेरिका कप राखणारी प्रत्येक होडी त्यांच्या यार्डात बांधली गेली. आज तिथे म्यूझियम आहे. लाकडी होड्यांचं काम किती देखणं असू शकतं ते तिथे पाहून घ्यावं.

पुढे ते यार्ड क्लिंटन आणि एव्हरेट पिअरसन या चुलतभावांनी घेतलं. जवळच्याच सीकाँकमध्ये त्यांनी एका गॅरेजात फायबरग्लासच्या छोट्या होड्या करायला सुरुवात केली होती. १९५९ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या बोट शोमध्ये त्यांनी ‘ट्रायटन’ मांडली. कार्ल अल्बर्ग या मूळच्या स्वीडिश डिझायनरनं आखलेली, साधारण २८ फूट लांब, सव्वाआठ फूट रुंद, आत चार जणांना झोपायची सोय. किंमत दहा हजार डॉलरच्या आत. मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडेल आणि दर वर्षी सुतार लावावा लागणार नाही अशी शिडाची होडी. पुढच्या काही वर्षांत अशा सातशेच्या आसपास होड्या झाल्या. आमची त्यांतलीच एक, १९६४ ची. म्हणजे वयानं आमच्यापेक्षा मोठी.

आम्हाला ती एका डॉलरला मिळाली. आधीच्या मालकांचं वय झालेलं आणि यार्डचं भाडं थकलेलं. यार्डवाल्यानं स्पष्ट सांगितलं होतं, कोणी घेतली नाही तर हिवाळ्याआधी होडी कापून टाकणार. लाकडी होडी कुजून एक दिवस मातीत मिळते. फायबरग्लासचं तसं नाही. काचेचे धागे आणि पॉलिएस्टर रेझिन एकदा एकजीव झाले की ते ना कुजत, ना वितळवून परत वापरता येत. अशा होड्यांचा भुगा करून सिमेंटच्या भट्टीत वापरायचा प्रयोग ऱ्होड आयलंडमध्ये झाला आहे, पण बऱ्याच म्हाताऱ्या होड्यांच्या नशिबी अजून करवत आणि कचऱ्याचा डोंगरच येतो. कापण्याचे पैसे वेगळे!

गंमत अशी की हिचं मूळ शरीर ठणठणीत आहे. त्या काळी हा माल नवा. तो किती वर्षं टिकेल याचा अनुभव कोणालाच नव्हता, म्हणून बांधणाऱ्यांनी बूड चांगलं जाड केलं. रोग होता डेकमध्ये. डेक म्हणजे सँडविच: वर-खाली फायबरग्लासचे पातळ थर आणि मध्ये हलकं बाल्सा लाकूड. यामुळे वजन न वाढता ताठपणा येतो. कल्पना उत्तम. पण साठ वर्षांत कोणी कडी बसवली, कोणी हूक, कोणी दिवा. प्रत्येक स्क्रूसाठी एक भोक. भोकाचं सीलंट सुकलं की पाणी थेंबाथेंबानं आत. वरून डेक चकचकीत, आत लाकडाचा काळा चिखल.

हे ओळखायला आम्हाला शिकवलं यार्डातल्या एका आजोबांनी. ब्रिस्टलमध्ये पोर्तुगीज वंशाची खूप वस्ती आहे, हे त्यांतलेच. प्लॅस्टिकची हातोडी घेऊन डेकवर टकटक करत जायचं. ‘टक’ वाजलं तर ठीक, ‘थप’ वाजलं तर खडूनं खूण. संध्याकाळी डेकवर खडूचा नकाशा तयार झाला आणि आमची तोंडं उतरली. जवळजवळ एक तृतीयांश डेक गेलेलं. सर्व्हेयरनं सांगितलेला दुरुस्तीचा खर्च होडीच्या किमतीच्या कितीतरी पट. ‘पैसे देऊन करायचं काम नाही हे,’ आजोबा म्हणाले, ‘वेळ देऊन करायचं.’

मग वेळ दिला. वरचा थर चौकोनात कापून उचलायचा, कुजकं लाकूड खरवडायचं, खालचा थर आठवडाभर वाळवायचा. नवा बाल्सा इपॉक्सीत बसवायचा, कडा घासून लांब उतार करायचा आणि त्यावर काचेचं कापड चढवायचं. हा उतार महत्त्वाचा. जोड जितका लांब, तितका भार पसरतो. अंगभर सूट, तोंडावर रेस्पिरेटर, तरी काचेची कूस अंगात शिरतेच. घरी आल्यावर आधी गार पाण्यानं अंघोळ, मगच चहा.

इपॉक्सी खोल डब्यात कालवून ठेवली की स्वतःच्याच उष्णतेनं तापून धूर सोडते. म्हणून ती पसरट भांड्यात ओतायची. आम्ही त्या भांड्याला सवयीनं ‘घमेलं’ म्हणालो आणि आजोबांनी चमकून पाहिलं. त्यांच्याकडेही ‘गामेला’च! मग चावी, बादली, पाव, बटाटा अशी यादीच निघाली. अटलांटिकच्या काठावर आम्ही तिघं शब्दांचा हिशेब करत बसलो आणि त्या दिवशी काम झालं नाही.

हेच काचेचं कापड आणि इपॉक्सी गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डातही वापरली गेली. तिथे लाकडी पट्ट्यांवर फायबरग्लास चढवून ‘म्हादेई’ बांधली आणि तीच घेऊन दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. आमची उडी एवढी नाही. समोरचं प्रूडन्स बेट गाठलं तरी भरून पावलो.

आता डेक संपूर्ण ‘टक’ वाजतं. राहिली आहेत भोकं. प्रत्येक कडीसाठी आधी मोठं भोक पाडायचं, ते घट्ट इपॉक्सीनं भरायचं आणि त्याच्या मधोमध लहान भोक पाडायचं. म्हणजे उद्या सीलंट सुकलं तरी पाणी लाकडापर्यंत पोचणार नाही. अशी एकूण ब्याऐंशी आहेत, एकसष्ट झाली. घाई नाही, कारण पाणीही घाई करत नाही. यार्डवाल्यानं मात्र करवतीचा विषय काढणं बंद केलं आहे.

वाचकांपैकी कोणाला यायचं असेल तर प्रॉव्हिडन्सच्या इंडिया पॉइंट पार्कमधून सायकलची वाट थेट ब्रिस्टलपर्यंत येते, साडेचौदा मैल. आपल्याकडे व्यापाराला जाणाऱ्या जहाजांवरून त्या जागेला हे नाव पडलं. शनिवारी या. चहा आम्ही करू. जुने कपडे घालून आलात, तर हातात सँडपेपरही देऊ.