चालून जायचं कुठे?

अमडापूर, ता. चिखली, जि. बुलडाणा
रविवार, 4 ऑक्टोबर 2020

प्रिय सखे,

आजपासून तुमच्याकडची घड्याळं तासभर पुढे सरकली ना? म्हणजे आता आपल्यात साडेपाच तासांचं अंतर. मी इथं सकाळचा चहा टाकेन तेव्हा तू मेलबर्नला दुपारच्या जेवणाची तयारी करत असशील. परवा फोनवर तू सांगत होतीस की रात्रीची संचारबंदी उठली, फिरायला एका तासाऐवजी दोन तास मिळायला लागले, पण पाच किलोमीटरचं रिंगण काही सुटलं नाही आणि त्या रिंगणातली झाडं न् झाडं तुला तोंडपाठ झालीत. मग विचारलंस, "तुला नाही का गं कंटाळा येत रोज रोज फिरून?" तेवढ्यात रेंज गेली. उत्तर द्यायचं राहिलं, म्हणून कागद घेऊन बसले आहे. लिहून झालं की फोटो काढून पाठवते.

येतो गं. फार येतो. आणि हे मी तुझ्याशिवाय कुणाजवळ बोललेली नाही. कारण बोललं की लोक लगेच समजूत घालायला लागतात. "बाई, तुम्हाला मोकळी हवा आहे, शहरातल्या लोकांना विचारा." खरं आहे ते. पण मोकळी हवा असली म्हणून कंटाळा येत नाही असं कुठं आहे?

तुला सुरुवातीपासून सांगते. मार्चअखेर बुलडाण्यात कोरोनानं पहिला माणूस गेला आणि साऱ्या जिल्ह्याला धडकी भरली. तेव्हा फिरायला जाणं हाच गुन्हा होता. शहरातल्या मॉर्निंग वॉकवाल्यांना रस्त्यात उठाबशा काढायला लावल्याचे व्हिडिओ फोनवर यायचे. मी अंगणातच फेऱ्या मारायचे, तुळशीपासून फाटकापर्यंत. माझी साखर वाढलेली, डॉक्टरांनी बजावलेलं की गोळी एक वेळ चुकली तरी चालेल पण चालणं चुकवू नका. 3 जूनपासून सरकारनं पहाटे पाच ते संध्याकाळी सात बाहेर चालायला परवानगी दिली, त्या पहिल्या संध्याकाळी मी खामगाव रोडला लागले तेव्हा मला गहिवरून आलं होतं. नांगरलेली काळी रानं, वळवाचा वास, लांबवर दिसणारी देवीची टेकडी. इतकी वर्षं याच गावात राहून मी हे नीट पाहिलंच नव्हतं असं वाटलं. शाळा, स्वयंपाक, पोरं, सासूबाईंचं आजारपण यात वेळ कुठं होता?

जून गेला, जुलै गेला. पेरणी झाली, काहींची सोयाबीन उगवलीच नाही म्हणून दुबार पेरणी झाली, डवरणी झाली. तोवर रोज काहीतरी नवं दिसायचं. पोळ्यानंतर केव्हातरी ध्यानात आलं की घरातून निघायच्या आधीच माझं फिरून झालेलं असतं. पहिलं कडुनिंबाचं झाड, मग बंद शाळेचं फाटक, मग विटांचा ढीग, तिथं बसलेलं तांबडं कुत्रं, मग मोरीचा कठडा. कठड्याला हात लावायचा आणि मागं फिरायचं. चपला घालतानाच हे सगळं डोळ्यांपुढून सरकून जातं. पायाला काही त्रास नाही, दमही लागत नाही, पण मन उंबऱ्यातच बसून राहतं.

भाच्यानं फोनमध्ये पावलं मोजायचं ॲप टाकून दिलंय. रोज दहा हजार झाली पाहिजेत म्हणतो. मी मुद्दाम वाचून काढलं, हा दहा हजारांचा आकडा आला कुठून? तर 1964 साली टोकियोला ऑलिंपिक झालं, त्यानंतर एका जपानी कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातच दहा हजार होते. तिथून तो आकडा जगभर पसरला. गेल्या वर्षी हार्वर्डच्या संशोधकांनी आपल्यासारख्या वयस्क बायकांचा अभ्यास केला. रोज साडेचार हजारांच्या आसपास चालणाऱ्या बायकांनाही चांगला फायदा दिसला आणि साडेसात हजारांच्या पुढे तो फारसा वाढला नाही. हे तुला मुद्दाम सांगते, कारण तूही त्या आकड्याच्या मागे लागली आहेस. तब्येतीपुरतं थोडं चाललं तरी भागतं, हे कळल्यावर मला हायसं वाटलं. पण कंटाळ्याला या आकड्यांचा काही उपयोग झाला नाही.

आता सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस आहेत. तू शेवटची आलीस तेव्हा उन्हाळा होता, त्यामुळे हे दृश्य तू कित्येक वर्षांत पाहिलं नसशील. रस्त्याच्या कडेच्या वावरात बायका ओळीनं बसून सोंगत पुढे सरकतात. वाळलेल्या शेंगांची टोकं अशी बोचतात की जुन्या पातळाच्या चिंध्या बोटांना गुंडाळून घ्याव्या लागतात. उजव्या हातात विळा, डाव्या मुठीत झाड, एक हिसका, मागे ढीग. सप्टेंबरच्या पावसानं बऱ्याच शेंगा काळ्या पडल्यात. यंदा हमीभाव 3,880 आहे, पण डागी मालाला तो कोण देणार, हीच चर्चा. सुड्या लावून वर ताडपत्री ओढतात आणि आभाळाकडे बघत बसतात.

परवा त्यातली एक जण उठून उभी राहिली, कमरेला हात लावून सरळ झाली आणि मला म्हणाली, "बाई, तुमी रोज कुठी जाता व?"

म्हटलं, "फिराले."

"म्हंजी कुनाकडं नाई?"

"नाही."

"मंग वापस येता?"

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. ती रोज घरून वावरात चालत येते, दिवसभर वाकून काम करते, संध्याकाळी डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन परत जाते. माझ्यापेक्षा कितीतरी जास्त चालते ती, पण त्यातलं एक पाऊलही रिकामं नसतं. कुणाकडे नाही, कशासाठी नाही, आणि तरी रोज जायचं, हे तिला समजेना. तिनं विचारल्यावर मलाही ते नीट उमगलं. आपल्या भागात माणसं चालायला कधी भ्यालीच नाहीत. बाजाराला चालत गेली, माहेराला चालत गेली, शेगावला पायदळ वारी करून आली. वारीत इतकं चालून कुणी कंटाळल्याचं मी ऐकलेलं नाही. पाय सुजतात, फोड येतात, पण कंटाळा? कारण पुढे शेगाव असतं, आणि बरोबर माणसं असतात. यंदा पंढरीची पायी वारीसुद्धा झाली नाही. ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीनं गेल्या, ते टीव्हीवर पाहताना आमच्या घरात कुणी बोललं नाही.

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी. चालण्याचा कंटाळा आला असं लिहिताना मला मे महिन्यातली ती माणसं आठवतात. देऊळगाव राजा ओलांडलं की जालना, किती लांब आहे आपल्यापासून? तिथल्या पोलाद कारखान्यातले मजूर मध्य प्रदेशात घरी जायला रुळांवरून चालत निघाले, थकून रुळांवरच झोपले आणि 8 मेच्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली सोळा जण गेले. त्यांना कुणी चालायला सांगितलं नव्हतं, आणि चालल्यावाचून दुसरा मार्गही ठेवला नव्हता. त्यांच्यापुढे माझा कंटाळा काहीच नाही, हे मला कळतं. म्हणून तो संपत मात्र नाही.

आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यातल्या वाघाचं तुला सांगितलं होतं का? बुलडाणा-खामगावच्या मधलं ते बोथ्याचं जंगल. यवतमाळकडच्या टिपेश्वरला जन्मलेला हा तरुण वाघ. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून त्याचा माग राहिला. गेल्या वर्षी पावसाळ्यात निघाला आणि तेलंगणातून, नांदेड-हिंगोलीकडून शेतं, नाले, रस्ते ओलांडत डिसेंबरात आपल्या जिल्ह्यात पोचला. तोवर 1,300 किलोमीटरच्या वर चालला होता. वनखात्याचे लोक म्हणाले की तो स्वतःची हद्द, भक्ष्य आणि जोडीदारीण शोधत निघालाय. हद्द मिळाली, भक्ष्य मिळालं. त्या 205 चौरस किलोमीटरच्या जंगलात दुसरा वाघ मात्र एकही नाही. पेपरात ते वाचल्यापासून मला त्याच्याबद्दल फार माया वाटते. संध्याकाळी त्या दिशेला पाहिलं की हटकून आठवतो.

आपल्याला तर शोधायलाही जाता येत नाही. पासष्टच्या पुढच्यांनी घरातच थांबावं असा नियम आहे. एसटी ऑगस्टपासून सुरू झाली, आता पूर्ण भरूनही जाते, पण मुलं मला चढू देत नाहीत. जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, तू मला तिकडून फोटो पाठवलास! जग बघत होतं आणि मी त्याच जिल्ह्यात राहून पाहू शकले नाही. खारं पाणी आटून अधिक खारट झालं की त्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तो रंग येतो असं पुण्याच्या आघारकर संस्थेनं सांगितलं. आता तो रंग गेलाही असेल. आठवडी बाजार नाही, भजनी मंडळ नाही, बचत गटाची बैठक दहा मिनिटांत उरकतात. आमच्या गल्लीत यंदा भुलाबाईची गाणी घरोघरी झाली नाहीत, पोरींनी डब्यातला खाऊ ओळखायला लावला नाही. यंदा आश्विन अधिक आला, म्हणून नवरात्र 17 तारखेला बसेल, पण बल्लाळदेवीच्या देवळाला मार्चपासून कुलूप आहे. आपण दोघी नवरात्रात पहाटे अनवाणी टेकडी चढायचो ते आठवतं? खडे टोचायचे, तू पदराला धरून ओढायचीस. परवा पायथ्यापर्यंत जाऊन आले. वर चढावंसं वाटलं नाही.

आणि मला राग येतो तो याचा. उद्यापासून राज्यात हॉटेलं उघडणार, बारसुद्धा. निम्म्या खुर्च्यांवर का होईना, माणसं बसणार. वाचनालयं मात्र बंदच. हॉटेलवाल्यांचं पोट त्यावर आहे, त्यांची उघडली याचा मला आनंदच आहे. पण वाचनालयात कोण असतं? चार म्हातारी माणसं एकमेकांपासून लांब बसून, तोंड मिटून वाचत असतात. याच्याइतकी सुरक्षित जागा दुसरी कुठली? फिरायला परवानगी देताना कुणाच्या तरी मनात आलं असेल की म्हाताऱ्यांना तब्येतीसाठी काहीतरी हवं. वाचायलाही हवं असतं आणि रोज चार शब्द बोलायलाही हवे असतात, हे कुणी ध्यानात घेतलं नाही. माझ्याजवळचं सगळं वाचून झालंय. दिवाळी अंक यंदा किती निघतील देव जाणे.

तर मी काय केलंय ते सांगते, तुझ्या कामाचं आहे. मोरीचा कठडा सोडला. आता संध्याकाळी जुन्या गल्लीतून तुझ्या काकूंच्या घरी जाते. अंतर कमीच आहे, म्हणून जरा वळसा घालून. आत जात नाही, मास्क काढत नाही. त्या ओसरीवर, मी अंगणात स्टुलावर. त्यांचं वय आता पंच्याऐंशीच्या पुढे असेल, पण वाती वळताना हात अजून थरथरत नाहीत. कापसाचा पेळू मांडीवर ठेवतात, बोटाला जरा राख लावतात आणि तळहातावरून एक फिरकी दिली की वात तयार. अधिक महिन्यात लाखभर वाती लावायच्या म्हणून सुनांना कामाला लावलंय. मला पेपर मोठ्यानं वाचायला सांगतात. आधी निधनवार्ता, मग बाजारभाव, मग उरलेलं. मी उशिरा गेले तर रागावतात. कुणी आपली वाट बघून रागावणं किती दिवसांत झालं नव्हतं! त्या गल्लीतही रोज तेच ओटे, तीच माणसं दिसतात, पण एकदाही कंटाळा आलेला नाही.

तुझ्या रिंगणात असं कुणी आहे का बघ. तू म्हणाली होतीस, कोपऱ्यावरच्या घरात एक ग्रीक आजी एकटी राहते आणि कुंपणातून हात हलवते. तिच्या फाटकाशी थांब, दोन हातांवरून बोल. तिला इंग्रजी येत नसलं तर तुलाही पूर्वी कुठं येत होतं?

काकूंचा निरोप आहे. तुला ज्वारीचे पापड आणि कुरडया द्यायच्या म्हणून त्यांनी उन्हाळ्यात डबा भरून ठेवलाय, तो अजून तसाच आहे. पार्सल सुरू झालं की पाठव असं मला रोज सांगतात. तिकडे खाण्याचे पदार्थ सोडवून घ्यायला काय नियम आहेत ते विचारून कळव, म्हणजे त्यांना एकदाचं उत्तर देता येईल. शिवाय त्यांना विचारायचंय की तुमच्याकडे दिवाळी उन्हाळ्याच्या तोंडावर येते तर अभ्यंगस्नानाला पाणी तापवता की नाही. हे मात्र तूच फोन करून सांग. संध्याकाळी सहाच्या सुमारास कर, मी तिथंच असते.

भाऊजींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुझी,
अमडापूरची मैत्रीण